सोवळ्यातली पोपटी

आमच्या घरातल्या कर्त्या पुरुषाच्या पोटऱ्या साऱ्या गावानं पाहिलेल्या होत्या, आणि त्याची लाज मला एकटीला वाटायची.

नुसत्या पोटऱ्याच नव्हेत. गुडघे, आणि गुडघ्यांच्याही वर वीतभर. संध्याकाळी ओहोटी लागून वाळू घट्ट झाली की हे शाळेतून परस्पर समुद्रावर जायचे, कोट आणि पगडी एखाद्या होडीत ठेवायचे, धोतराचा काचा मारायचे आणि पोरांच्या घोळक्यात शिरून फुटबॉल खेळायचे. शाळेचे हेडमास्तर! गावातली माणसं त्या वेळी मुद्दाम समुद्रावर फिरायला यायची. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मला बातमी मिळायची. "काल तुमचे हेडमास्तर डोक्यानं चेंडू हाणत होते हो. लागलं नाही ना?" विचारणारीचा चेहरा अगदी काळजीचा, आणि तिच्या मागे दोघीजणी तोंडाला पदर लावून उभ्या. मी रहाटाचा दोर असा काही ओढायची की घागर काठावर आपटायची.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्या वेळी पद्धत नव्हती आणि आता ह्या वयात जीभ वळायची नाही, तेव्हा ह्या लिहिण्यात ते ‘हे’च राहणार. एकोणीसशे तिसाच्या आसपासची ही हकीकत आहे. कुलाबा जिल्ह्यात, थळच्या अलीकडे समुद्राकाठी आम्ही राहत होतो. पुढे कोळीवाडा, मध्ये नारळी-पोफळीच्या वाड्या, मागे भाताची शेतं. गावच्या चार प्रतिष्ठितांनी मंडळ स्थापून एक इंग्रजी शाळा काढली होती. तिचे हे हेडमास्तर, पण हंगामी. हा ‘हंगामी’ शब्द माझ्या कानात चिलट शिरल्यासारखा गुणगुणत असायचा. ह्याच्या आधी दोन गावं झाली होती. एका ठिकाणी शाळाच बंद पडली, दुसऱ्या ठिकाणी ह्यांचं चालकांशी पटलं नाही. दोन्ही गावांत मी तुळस लावली आणि ती दुसऱ्याच्या दारात सोडून आले. आता पदरात दोन मुली होत्या. इथं हे कायम व्हावेत, एवढं एकच मागणं मी देवाकडे सकाळ-संध्याकाळ मागत होते. कायम करणं मंडळाच्या हातात, आणि मंडळ म्हणजे अध्यक्ष. मोठ्या वाडीचे मालक, गंभीर, कमी बोलणारे गृहस्थ. असा माणूस कोणाला कायम करायचं झालं तर काचा मारलेल्या हेडमास्तराला कशाला करेल?

ह्यांचे छंद तरी एक होते का! गावातल्या मोडक्या छत्र्या आमच्या पडवीत येऊन पडायच्या. रविवारी सकाळी हे मांडी घालून त्यांच्या काड्या शिवत बसायचे, आणि छत्रीचा मालक, मग तो कोणी का असेना, समोर ऐसपैस बसून गप्पा मारायचा. शेजारच्या आंब्यांना कलमं बांधायची, ती जगली की मुलगा झाल्यासारखं सांगत सुटायचं. गाता गळा नव्हता, तरी आंघोळ करताना भूपाळ्या. पण ह्या सगळ्यांवर ताण म्हणजे तो चेंडू. चामड्याचा, दोरीनं आवळलेला, आत रबरी पिशवी. हे कॉलेजात असताना मुंबईच्या मैदानावर गोऱ्या सोजिरांना खेळताना पाहून ह्यांना ते वेड लागलं होतं. चामडं घरात नको म्हणून मी तो गोठ्याच्या आढ्याला टांगायला लावला होता. तिथं उभे राहून हे त्याला करंजाचं तेल चोळत असायचे. मी म्हणायची, "मुलींच्या डोक्याला तेल लावलंत कधी?" तर म्हणायचे, "मुली पावसात भिजल्या तर कडक होत नाहीत गं."

माणूस चिडेल अशी बोलणी मी करायची आणि ते असं काहीतरी बोलून मोकळे व्हायचे. भांडणाला दोन लागतात. आमच्या घरात मी एकटीच होते.

त्या वर्षी भातं कापून झाल्यावर आमच्या शाळेच्या संघानं तालुक्याच्या गावच्या संघाला हरवलं. सामना आमच्याच वाळूवर झाला. गोल म्हणजे कोळ्यांच्या होड्यांची वल्ही रोवलेली. मी घरात वातींचा कापूस पिंजत होते, आणि समुद्रावरून असा ओरडा आला की कोणी बुडालं की काय असं वाटून मी अंगणात धावले. बघते तर वरात येते आहे. मधोमध हे, दोन कोळ्यांच्या खांद्यांवर बसलेले, पगडी नाही, शेंडी सुटलेली, कमरेपर्यंत वाळू. ते दोघे खांदेकरी शाळेच्या संघातली मोठी पोरं. एक तर शाळा सोडून होडीवर जायला लागलेला, पण गोल राखायला यायचा. दारात आल्यावर तोच मला म्हणाला, "बाय, आज मास्तरांना ओवाला. तालुक्याला पानी पाजलाय आमी."

मी आत गेले आणि बाहेर आलेच नाही. ओवाळायचं कुठलं, दाराची कडी लावून देवापुढे बसले. गोल राखणाऱ्या मुलाला काय वाटलं असेल, हे मनातसुद्धा आलं नाही. आपले यजमान कोणाच्या खांद्यावरून घरी आले, आणि ते कोणी कोणी पाहिलं, एवढंच मी मोजत होते.

आणि मग पोपटी. आमच्याकडचं माणूस असेल त्याला पोपटी सांगायला नको; बाहेरच्यासाठी सांगते. भात निघालं की त्याच शेतांत ओलीवर वाल पेरतात. पौषाच्या थंडीत वालाच्या शेंगा भरतात. तेव्हा शेताच्या बांधावर एक मडकं घेतात, त्यात भांबुर्ड्याचा पाला घालतात, त्यावर शेंगा, जाडं मीठ, ओवा. पुन्हा पाला ठासून तोंड बंद करतात. मडकं जमिनीवर पालथं घालतात आणि भोवती पेंढा, झावळ्या, नारळाची सोडणं, म्हणजे वाळलेली सालं, रचून जाळ करतात. पाण्याचा थेंब नाही. पाल्याच्या आणि शेंगांच्या अंगच्याच ओलाव्यात सगळं शिजतं. खाणारे असतील तसे कोणी त्यात अंडी घालतात, कोणी कोंबडी.

ही पोपटी ह्यांना शेतात जाऊन खायला पुरेना. आमच्या परसातच, विहिरीपलीकडे, ह्यांनी जागा केली. थंडीभर दर रविवारी संध्याकाळी खेळून झालं की सगळा संघ आमच्या परसात. कोळ्यांची पोरं, आगऱ्यांची पोरं, एक-दोन आपल्यातलीही, घरी न सांगता आलेली. मडकी दोन. एकात नुसत्या शेंगा, त्या ह्यांच्यासाठी आणि अंडी-कोंबडी खात नसतील त्यांच्यासाठी. दुसऱ्यात काय असायचं ते मी बघायला गेले नाही, पण वास येतोच. हे अंड्याला शिवत नव्हते, हे मी देवाशप्पथ सांगेन; पण जाळ मात्र दोन्ही मडक्यांना सारखाच लावायचे. पोपटी झाली का हे बघायला मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र झालं पाहिजे. तो आवाज ऐकताना ह्यांचा चेहरा पूजेला बसल्यासारखा व्हायचा. पूजेला बसल्यावर कधी तसा झाला नाही.

"तू ये तरी," असं ते प्रत्येक वेळी म्हणायचे. "मडकं कसं भरायचं ते बघ. पाला कोरडा हवा, हात कोरडे हवेत, आणि मडकं जुनं असलं तर सोन्याहून पिवळं. नवं असेल तर आधी निखाऱ्यावर तापवून घ्यावं लागतं."

मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. धुवायचा आळस असला की पुरुषांना असले नियम सुचतात, असं माझं मत होतं.

संक्रांत झाली, हळदीकुंकवं सुरू झाली. अध्यक्षांच्या घरचं हळदीकुंकू म्हणजे गावातलं सगळ्यांत मोठं. मी माझी एकच चांगली चंद्रकळा नेसून गेले. ओटीवर बायका दाटीवाटीनं बसलेल्या. अत्तर लावणारीनं माझा हात हातात घेतला, वास घेतल्यासारखं केलं आणि मोठ्यानं म्हणाली, "इश्श, हेडमास्तरीणबाईंना अत्तराची काय गरज? ह्यांच्या परसातला घमघमाट आमच्या माजघरापर्यंत येतो. अंडी का कोंबडी हो ह्या रविवारी?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. तोंडाला येईल तसं हसले, आणि कानांच्या पाळ्या इतक्या तापल्या की कुड्या काढून ठेवाव्याशा वाटल्या. धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ते उगाच नाही. अध्यक्षांच्या पत्नी मात्र हसल्या नाहीत. त्या प्रकृतीनं नाजूक, देवभोळ्या आणि मनानं चांगल्या होत्या. मला सावरून घ्यावं म्हणूनच त्या म्हणाल्या, "अगं, पोपटी आमच्या ह्यांनाही फार आवडते. लहानपणी शेतावर खाल्लेली, अजून आठवण काढतात. नुसत्या शेंगांची केलीत तर आम्हालाही बोलवा हो एकदा."

मी तिथंच, सगळ्यांच्या देखत, म्हटलं, "अवश्य या. रथसप्तमीच्या आतच या. आणि सगळं सोवळ्यातलं असेल, काळजी करू नका."

बोलताना मला वाटलं, देवानंच हे सुचवलं. अध्यक्ष आमच्या परसात बसून चोख पोपटी खातील, त्यांच्या पत्नी बायकांना सांगतील, आणि गावाची तोंडं बंद होतील. मंडळाची बैठक पुढच्याच आठवड्यात होती.

ह्यांना सांगितलं तेव्हा ते खूष झाले. "चल, अखेर तू पोपटीच्या वाटेला आलीस तर." मी त्यांना अटी सांगितल्या. त्या दिवशी संघातलं एकही पोर परसात दिसता कामा नये. जुन्या मडक्यांना हात लावायचा नाही. मडकं मी भरणार, आपण फक्त जाळ करायचा, आणि तोही धूतवस्त्र नेसून. ते काही बोलणार होते. मी म्हटलं, "एवढं एक माझ्या मनासारखं होऊ द्या." तेव्हा त्यांनी मान डोलावली.

कुंभाराकडून नवं कोरं मडकं आणलं. त्या दिवशी पहाटे आंघोळ करून ओलेत्यानं मी ते विहिरीच्या पाण्यानं धुतलं. कुंभाराचा हात, गाडीवानाचा हात, म्हणून तीनदा धुतलं. मग पाण्यानं काठोकाठ भरून ठेवलं, शुद्ध व्हावं म्हणून. भांबुर्ड्याचा पाला बांधावरचा. तिथून गुरंढोरं, माणसं, कोण कोण जातं. तो पाटीभर पाण्यात बुडवून काढला. शेंगा तशाच धुतल्या. हे शाळेत होते. ते येईपर्यंत मी मडकं रिकामं करून, शेंगांनी भरून, पाल्यानं तोंड बंद करून तयार ठेवलं. परस शेणानं सारवलं, चार पाट मांडले, पाटांभोवती रांगोळीची रेघ ओढली. आमच्या परसाचं असं देखणं रूप मी कधी पाहिलं नव्हतं. माझी छाती भरून आली, खोटं कशाला सांगू.

हे घरी आले, कपडे बदलून परसात आले आणि मडकं उचलायला वाकले. उचललं आणि तसेच थांबले. मडक्याच्या बुडाला हात फिरवला. हात ओला झाला.

"धुतलंस?"

"सोवळ्यात केलंय सगळं," मी म्हटलं. "आता काही काढू नका. मंडळी दारात आली आहेत."

खरंच आली होती. अंगणात अध्यक्षांच्या छत्रीचा ठोका ऐकू आला. ह्यांनी एकदा जुन्या मडक्यांकडे पाहिलं. ती विहिरीमागे काळीकुट्ट पालथी पडली होती. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मडकं पालथं घातलं. फक्त एक केलं. मांडलेले पाट एकेक उचलून दहा-बारा हात मागे नेऊन ठेवले. माझी रांगोळी पुसली गेली म्हणून मी त्यांच्यावर डोळे वटारले.

अध्यक्ष पाटावर बसले, त्यांच्या पत्नी बाजूला माझ्याजवळ बसल्या. तिळगूळ दिला. पेंढा पेटला, झावळ्या कडाडल्या. थंडी होती, जाळाची ऊब बरी वाटत होती. अध्यक्ष कधी नव्हे ते बोलत होते. लहानपणी बांधावर बसून शेंगा खाताना जीभ कशी भाजायची ते सांगत होते. मग म्हणाले, "मास्तर, खरं म्हणजे आज मी एका कामानंही आलो आहे. आधी पोपटी होऊ द्या, मग सांगतो."

मी पदर सावरून बसले. आता बोलणार, आता सांगणार, असं माझ्या मनाचं चाललं होतं. हे मात्र जाळाकडे बघत होते. सोडण टाकायला जायचे तेसुद्धा अंग चोरून.

आधी आतून एक बारीक शिट्टी वाजल्यासारखी झाली. मग तोफ सुटावी तसा आवाज झाला. मडकं फुटलं. निखारे, शेंगा, पाला, खापऱ्या, सगळं उडालं. पाट मागे सरकवलेले होते म्हणून कोणाला भाजलं नाही. पण एक मोठी खापरी, मडक्याचा अर्धा गळाच, घरंगळत आली आणि अध्यक्षांच्या पायापाशी येऊन थांबली.

जाळ, त्यात फुटलेलं नवं मडकं, आणि समोर बसलेला घरचा धनी. हे आपल्याकडे कुठं बघायला मिळतं, ते सांगायची गरज आहे का? अध्यक्षांच्या पत्नींनी मंगळसूत्र मुठीत धरलं होतं. चेहरा पांढराफटक. त्या उठल्या, "चला," एवढंच म्हणाल्या, आणि माझ्या हातचं कुंकूसुद्धा लावून न घेता चालू लागल्या. अध्यक्ष त्यांच्या मागे गेले. काम सांगायचं राहून गेलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी सारवलेल्या जमिनीवर उभी होते. ह्यांनी काडीनं राख उकरली, एक शेंग काढली, फुंकर मारून सोलली आणि खाल्ली. अर्धी कच्ची असणार. म्हणाले, "मीठ मात्र बरोबर पडलंय हं."

त्या क्षणी मला त्यांचाच राग आला होता. कशाचा, ते मला धड सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात बैठक झाली. हे दिवेलागणीला घरी आले. मी तुळशीपाशी दिवा लावत होते. त्यांनी पगडी खुंटीला अडकवली, आणि पाठमोरेच म्हणाले, "दुसऱ्या गृहस्थांना नेमलं आहे. पुण्याकडचे आहेत."

"का?"

खुंटीवरची पगडी त्यांनी पुन्हा सरळ केली.

"फुटबॉल," ते म्हणाले.

मग मी जे तोंड सोडलं ते चार दिवस बंद झालं नाही. मी काय काय बोलले ते इथं सगळं लिहीत नाही. पोटच्या पोरींपेक्षा चेंडू जवळचा वाटला, असं मी म्हणाले. हेडमास्तर व्हायची लायकी नव्हती, म्हणाले. विहिरीवर जाऊन बायकांपुढे स्वतः होऊन सांगितलं, की हो, ह्यांच्या त्या धिंगाण्यापायी आमचं अन्न गेलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे विसरून सांगितलं. आधी हसणाऱ्या बायका आता हळहळल्या. "बाई, तुमच्या नशिबी काय हे," म्हणाल्या, आणि मला त्याचं बरं वाटलं. त्या माझ्या बाजूनं आल्या असं वाटलं. हे सगळं ऐकत होते. एकदाही उलट बोलले नाहीत. त्यांची ती गप्प राहायची रीत मला कबुलीच वाटली.

सामान बांधताना मी गोठ्यातला चेंडू दाखवून म्हटलं, "हा आपल्याबरोबर येणार असेल तर मी येणार नाही." ह्यांनी तो काढला, एकदा दाबून पाहिला, आणि गोल राखणाऱ्या त्या मुलाला बोलावून देऊन टाकला. मुलगा घेईना. "मास्तर, तुमचा हाय तो. आमी काय करू?" म्हणत राहिला. ह्यांनी त्याच्या काखेत कोंबला आणि घरात निघून आले. रात्री जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

उरणच्या बाजूला एका शाळेत साध्या मास्तराची जागा मिळाली होती. बैलगाडीनं रेवसला आलो. तिथून शिडाच्या मचव्यानं खाडी ओलांडून करंजाला उतरायचं होतं. बंदरावर मुंबईच्या बोटीचीही माणसं होती, आणि त्यांत अध्यक्ष उभे होते. कोर्टाच्या कामाला निघाले होते. त्यांना पाहून मी पदर पुढे ओढला आणि मुलींना घेऊन वळकट्यांच्या आड बसले. ते स्वतः चालत ह्यांच्याकडे आले. दोघं माझ्यापासून पाच-सहा हातांवर उभे राहिले. त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

"मास्तर, मला अजून चुकल्यासारखं वाटतं," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हाला कायम करायचं सगळ्या मंडळाचं ठरलं होतं. तालुक्याला हरवलंत त्या दिवशी मीच पहिल्यांदा बोललो. शाळेत पोरं वाढली ती तुमच्या फुटबॉलमुळे, हे कोणाला कळत नाही? त्या संध्याकाळी तेच सांगायला आलो होतो. पण ते मडकं फुटलं आणि आमच्या घरातल्यांच्या मनात जे बसलं ते बसलं. त्या दिवसापासून त्यांनी अंथरूण धरलंय. म्हणतात, हे मास्तर गावात राहिले तर माझं कुंकू राहायचं नाही. मी पुष्कळ समजावलं. ओलं मडकं फुटायचंच, हेही सांगितलं. तुमच्या बाईंना तुम्ही समजावून सांगितलंच असेल. त्यांनी मनाला लावून घेऊ नये."

"छे छे," हे म्हणाले. "त्यांनी काही लावून घेतलेलं नाही."

बोटीचा भोंगा झाला. अध्यक्षांनी हात जोडले आणि गेले.

धाकटीनं पाणी मागितलं, ते मला ऐकू आलं आणि हात हलेना. विहिरीवर मी बोलले ते एकेक वाक्य परत माझ्याकडे येत होतं. कोणाकोणासमोर बोलले ते चेहरे येत होते. त्या बायका आता त्या गावात ते धरून बसणार होत्या, फुटबॉलपायी अन्न घालवलेला हेडमास्तर म्हणून, आणि ते परत घ्यायला मी पुन्हा तिथं जाणार नव्हते. आयुष्यभर मला ज्याची लाज वाटली ते ह्यांचं भूषण निघालं, आणि जे एकच काम मी मिरवायला म्हणून केलं त्यानं घर उठलं. अशी लाज मला आधी कधी वाटली नव्हती, नंतरही नाही. आज लिहितानासुद्धा कानाच्या पाळ्या तापल्या आहेत.

मचवा सुटला. सामानाच्या ढिगावर मुली, एका बाजूला मी, समोर हे. बंदर बरंच मागे पडल्यावर मी मान वर न करता म्हटलं, "अहो, मला फुटबॉल सांगितलंत."

"हो."

"का सांगितलंत?"

ते खाडीच्या पाण्याकडे बघत होते. काहीतरी बोलून मोकळं व्हायचं त्यांचं ते जुनंच तोंड झालं, पण आवाज हलका होता.

"फुटबॉलची लाज तुझ्या अंगाला बसलेली होती. म्हटलं, जुनीवर भागतंय तर नवी कशाला शिवायला टाकायची?"

मी पदर तोंडावर घेतला. थोरली विचारू लागली, आई का रडते? ह्यांनी तिला जवळ ओढलं आणि सांगितलं, रडत नाही गं, वारं लागतंय तिच्या डोळ्यांना. वारा तर सकाळपासून पडलेला होता. शीड गुंडाळून ठेवून खलाशी वल्ही मारत होते.